पोवळ्याचं गाव

बालाघाटच्या सराफ्यात पोवळं रतीच्या भावानं मिळतं. पत्रिकेत मंगळ बिघडला की बाप मुलाला घेऊन दुकानात येतो, सोनार कागदाच्या पुडीतून लाल मणी काढून दाखवतो आणि तो तांब्यात नाहीतर सोन्यात मढवून मंगळवारी सकाळी अनामिकेत चढतो. माझ्याही बोटात तो तीस वर्षं होता. आईनं घालायला लावला होता. मी वारासिवनीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे फळ्यावर ‘मूंगा’ आणि घरी ‘पोवळं’. ज्या हातानं मी मूंग्याचं चित्र काढत होतो त्याच हातात कुणा प्राण्याचा सांगाडा अडकवलेला आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एक दिवस तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, मग तुमच्या अंगठीत मेलेला प्राणी आहे का?” वर्ग हसला. मीही हसलो आणि धडा पुढे नेला.

ती मुलगी या पुस्तकाची लेखिका. गेली काही वर्षं ती कोकणात असते आणि मालवणच्या किनाऱ्यावर पाण्याखाली उतरून प्रवाळांच्या नोंदी ठेवते. पुस्तकाचा खर्डा तयार झाल्यावर तिचा फोन आला. “सर, प्रस्तावना तुम्ही लिहायची.” मी म्हटलं, “अगं, मी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही तूच दाखवलास.” “म्हणूनच,” ती म्हणाली. “रोज समुद्र पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाहीच.”

तेव्हा हे चार शब्द समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाचे आहेत, हे आधीच सांगतो. बालाघाटहून समुद्र कुठल्याही दिशेनं पाचशे किलोमीटरच्या आत नाही. आमची वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्या भातखाचरांतली माती पावसाळ्यात तिथवर पोचते. पण जिथे ती पोचते तिथे कांदळवन आहे, प्रवाळ नाही. गोडं पाणी आणि गाळ ही दोन्ही प्रवाळाला न सोसणारी. मोठ्या नद्यांच्या मुखाशी तो घर करत नाही. म्हणजे बालाघाटकरांचा प्रवाळाशी आलेला पहिला संबंध असा की आमचं पाणी जातं तिथे तो नसतो.

दुसरा संबंध अंगठीतला, आणि तो मोडून काढल्याशिवाय या पुस्तकात शिरता येणार नाही. सराफ्यातलं लाल पोवळं प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातून आलेलं. तिथल्या थंड, अंधाऱ्या कपारींत ते वाढतं. रोमन काळापासून ते जहाजांनी हिंदुस्थानात येत आहे. रोममध्ये मोत्याला जो मान तोच हिंदुस्थानी लोक पोवळ्याला देतात, असं प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. हे पोवळं भित्ती बांधत नाही. समुद्रात डोंगर उभे करणारं, बेटं घडवणारं प्रवाळ त्याचं लांबचं भावंड: रंगानं तपकिरी, हिरवट, पिवळट, बाजारात कवडीमोल. पुस्तक या दुसऱ्याचं आहे. लेखिका दोघांनाही ‘पोवळं’च म्हणते. मी आधी कुरकुरलो, मग वाटलं, बरोबर आहे. ‘प्रवाळ’ म्हटलं की परीक्षेचा वास येतो.

हे दुसरं पोवळं राहतं कसं, ते आमच्या भागातल्या माणसाला बटईच्या भाषेत सांगावं. पोवळ्याचा एकेक जीव म्हणजे मिशा असलेली एक इवलीशी पिशवी, बहुधा तांदळाच्या दाण्याएवढी. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती दगडी वाटी बांधतो. अशा हजारो वाट्या एकमेकींना चिकटल्या की वसाहत होते, आणि वसाहतींवर वसाहती चढत हजारो वर्षांनी भित्ती. पण एवढं बांधकाम करायला लागणारं अन्न त्याला मिशांनी पकडलेल्या किड्यांतून मिळत नाही. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. जागा आणि खत पोवळ्याचं, ऊन वरून आलेलं, राबणं शैवालाचं. साखर पिकते तिच्यातला मोठा वाटा, कधी कधी गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, घरमालकाला मिळतो. पोवळ्याचा रंगही बव्हंशी या बटईदाराचाच.

पाणी तापलं की हा करार मोडतो. जास्त उष्णतेत शैवालाचं यंत्र बिघडतं, ते साखरेऐवजी विषारी प्राणवायू-कण सोडू लागतं, आणि पोवळं त्याला हाकलून देतं. मागे राहतो पारदर्शक जीव आणि त्यातून दिसणारा पांढराफटक सांगाडा. शास्त्रज्ञ याला विरंजन म्हणतात. मालवणच्या वर्णनात लेखिकेनं साधं ‘पांढरं पडणं’ वापरलं आहे. पांढरं पडलेलं पोवळं मेलेलं नसतं, उपाशी असतं. आठवडाभरात, पंधरवड्यात पाणी निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर पोवळं मरतं आणि त्या सांगाड्यावर हिरवी-करडी बुरशीसारखी साय चढते.

किती तापलं म्हणजे जास्त? आकडा ऐकून मी चकित झालो होतो. त्या जागेच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अवघा एक अंश. बालाघाटात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो आणि एक अंश इकडेतिकडे आम्हाला कळतही नाही. पण आमच्याकडे नवतपा असतो. रोहिणी नक्षत्राचे ते नऊ दिवस माणूस मोजत बसतो, कारण एका दिवसाच्या उन्हानं कुणी मरत नाही, सलग नऊ दिवसांच्या उन्हानं मरतो. प्रवाळांच्या अभ्यासकांचं मापही असंच आहे, फक्त ते आठवड्यांत मोजतात: नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर किती अंश, गुणिले किती आठवडे. हा गुणाकार चारवर गेला की पोवळी पांढरी पडू लागतात, आठवर गेला की मोठ्या प्रमाणात मरतात. समुद्राचा नवतपा लांबत चालला आहे, एवढंच या विषयाचं सगळं दुःख आहे. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानं पोटात घेतला आहे.

त्याचे परिणाम जगभर चार वेळा एकदम दिसले. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि २०२३ मध्ये सुरू झालेला चौथा, ज्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. या चौथ्या खेपेला जगातल्या प्रवाळक्षेत्राच्या चार-पंचमांशाहून जास्त भागाला पांढरं पडण्याइतका ताप सोसावा लागला. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळानं, म्हणजे आयपीसीसीनं, २०१८ च्या अहवालात सांगून टाकलं होतं की पृथ्वी दीड अंशानं तापली तर आजच्या प्रवाळभित्तींपैकी सत्तर ते नव्वद टक्के जातील, दोन अंशांनी तापली तर नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त. २०२४ हे वर्ष दीड अंश ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. एका वर्षानं सरासरी ठरत नाही, हे खरं. पण उंबरठ्यावर पाय पडला.

मग पोवळी टिकतील का? पुस्तक हातात घेणारा प्रत्येक जण हे विचारणार. लेखिकेनं उत्तर शेवटच्या प्रकरणापर्यंत राखून ठेवलं आहे. मी म्हातारा आहे, मला धीर नाही, तेव्हा माझं उत्तर इथेच देतो, आणि ते जमिनीखालून देतो, कारण आमचा खरा समुद्र तिथे आहे.

बालाघाट शहराला लागून भरवेली. तिथली मँगनीजची खाण जमिनीखाली इतकी खोल गेली आहे की तिची गणना आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत होते. हे मँगनीज आलं कुठून? बालाघाट, भंडारा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातले खडक म्हणजे शंभर कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी एका समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. पुढे तो दाबला गेला, भाजला गेला. चुन्याचा संगमरवर झाला आणि मँगनीजच्या गाळाचा तो खडक, ज्याला फर्मॉर नावाच्या भूवैज्ञानिकानं इथल्या गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. त्या समुद्रात पोवळं नव्हतं. मासाही नव्हता. पोवळी फार नंतर आली. मध्य प्रदेशाच्या पश्चिमेला, धार जिल्ह्यातल्या बाघ इथे, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. तिथल्या एका सुंदर खडकाचं नाव पुस्तकांतून ‘कोरलाइन लाइमस्टोन’ असं चालत आलं आहे. मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो की बघा, आपल्या राज्यातही पोवळी होती. नंतर कळलं, तो खडक बहुतांशी ब्रायोझोआ नावाच्या दुसऱ्याच प्राण्यांनी बनलेला आहे. जुन्या लोकांनी दिसण्यावरून नाव ठेवलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.

खडकांची ही वही सांगते ते असं. आजच्या धर्तीची दगडी पोवळी सुमारे चोवीस कोटी वर्षांपूर्वी आली. त्यांच्या आधीही भित्ती बांधणारे दुसरे जीव होते, आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात ते पार नाहीसे झाले. त्यानंतर बराच काळ, लाखो वर्षांच्या हिशेबात बराच काळ, जगाच्या समुद्रांत भित्तीच नव्हत्या. मग परत आल्या. पोवळ्यांनी पुढचेही आघात पचवले, डायनासोर गेले तोही. तेव्हा ‘पोवळं टिकेल का’ या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, बहुधा टिकेल’ असं आहे. कुठल्यातरी खोल, थंड, गढूळ कोपऱ्यात दोनचार चिवट जाती तग धरतील. इराणच्या आखातात आजही काही पोवळी उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या पाण्यात जगतात. पण जीव टिकणं आणि त्यानं बांधलेलं गाव टिकणं या दोन गोष्टी आहेत. धरणाखाली गेलेल्या गावातला माणूस टिकतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

गाव म्हणजे काय, ते लक्षद्वीपमध्ये दिसतं. तिथलं प्रत्येक बेट पोवळ्यांनीच बनलेलं आहे. दहा बेटांवर माणसं राहतात, २०११ च्या जनगणनेत चौसष्ट हजारांवर, आणि त्यांच्या पायाखालची जमीन समुद्रापेक्षा मीटर-दोन मीटरच उंच. भोवतीची भित्ती लाटा फोडते, वाळू पुरवते, मासे पोसते. १९९८ च्या तापानं तिथली पोवळी मोठ्या संख्येनं मेली. नंतर सावरली, २०१० मध्ये पुन्हा मार खाल्ला, पुन्हा सावरू लागली, तोवर २०१६. २०२४ च्या उन्हाळ्यात परत पांढरी पडली. गेल्या पंचवीसेक वर्षांत तिथलं जिवंत प्रवाळ-आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं आहे. तिथले लोक भित्तीवरचे मासे पूर्वापार कमी मारतात. त्यांची मासेमारी मुख्यतः खोल पाण्यातल्या टूनाची, गळ आणि काठीनं. त्यामुळे शैवाल चरणारे मासे शिल्लक राहिले, आणि पोवळ्यांना परत उगवायला जागा मिळत गेली. चांगल्या वागणुकीचं फळ मिळालं, पण दोन तापांमधली उसंतच कमी होत गेली तर चांगली वागणूक किती दिवस पुरणार?

या पुस्तकाचा जीव मात्र लक्षद्वीपात नाही, मालवणात आहे, आणि मला विचाराल तर लेखिकेचं खरं शहाणपण या निवडीत आहे. अंदमान-लक्षद्वीपच्या निळ्याशार पाण्यावर लिहिणारे पुष्कळ. मालवणचं पाणी गढूळ. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या पावसाळ्याचे चार महिने लाल माती आणून ओततात, पाण्याचा खारटपणा उतरतो. पुस्तकी नियमानं तिथे पोवळं असूच नये. तरी आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, त्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळ्यांच्या वसाहती आहेत. भित्ती म्हणावी इतकं बांधकाम नाही. ठिकठिकाणी चिकटलेल्या टोप्या, पाट्या, फुलांच्या परड्या. पोराइट्सचे गोल धोंडे, टर्बिनेरियाच्या वाट्यांसारख्या चकत्या, गोनिएस्ट्रिया, फेवाइट्स. सगळे गाळ झटकून टाकणारे, मंद वाढणारे, रांगडे. आमच्याकडे चिन्नोर भात आहे. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, वास असा की शेजारच्या घरात कळावं, पण नाजूक. आणि त्याच बांधाला मुकाट उभा राहणारा जाडाभरडा भात असतो, ज्याचं कौतुक कुणी करत नाही. लक्षद्वीपची फांद्याफांद्यांची अॅक्रोपोरा चिन्नोर मानली, तर मालवणची पोवळी जाडाभरडा.

रांगडी असली तरी ती अभंग नाहीत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ आणि २०१५ मध्ये मालवणची पोवळी पांढरी पडल्याची नोंद केली आहे. त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० मध्ये लिहिलेला एक शोधनिबंध मला जास्त अस्वस्थ करून गेला. तो उष्णतेबद्दल नाही. सिंधुदुर्गाजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेण्याच्या धंद्यामुळे पोवळी कशी तुटतात, त्याबद्दल आहे. ज्या पाण्यात हे घडतं ते पाणी सागरी अभयारण्य आहे: १९८७ साली जाहीर झालेलं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्रातलं पहिलं. कागदावर गाभाक्षेत्र आहे, सीमा आहेत. मच्छीमारांनी पहिल्या दिवसापासून विरोध केला, कारण अभयारण्य म्हणजे आपली होडी बंद एवढंच त्यांना कळवलं गेलं. त्यांना मी दोष देणार नाही. कान्हा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून उठवलेल्या बैगा आणि गोंडांची गावं आमच्या जिल्ह्यात आणि मंडल्यात आहेत. अभयारण्याचा अर्थ आधी कुणाला कळतो ते आम्ही पाहिलंय. मालवणात मात्र गंमत अशी की मच्छीमाराची होडी अडवायला निघालेल्या कायद्याला पर्यटकांच्या होड्या दिसल्याच नाहीत. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत दिवसाला शेकडो माणसं तिथे पाण्यात उतरतात. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्यांची पोरं आता त्याच होड्यांवर कामाला आहेत, आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाल्या बाहेरच्या बोटींनी मासळी ओढून नेल्यावर त्यांनी दुसरं काय करावं, हा प्रश्न लेखिकेनं पाचव्या प्रकरणात फार नेटका मांडला आहे. ते प्रकरण घाईनं वाचू नका.

मी तिथे गेलो तो डिसेंबर होता. वय सदुसष्ट, पोहता येतं ते वैनगंगेतलं. लेखिकेनं मला जॅकेट बांधलं, तोंडावर काच चढवली, किल्ल्याच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात नेलं. हवेची टाकी नको म्हटलं होतं. पाणी डोळ्यांत मावेल एवढंच दिसत होतं, दोन हात पुढे धुरकट. मग खाली एक तपकिरी धोंडा दिसला, मेंदूसारख्या वळ्यांचा, त्याच्या खाचेत एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा. चाळीस वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र समोर होतं. मला दम लागला, तोंडात खारं पाणी गेलं, आणि मी घाबरून उभा राहिलो. त्यावरच. पायाखाली काहीतरी खरखरलं. वर डोकं काढलं तर लेखिका ओरडत होती, “सर, पाय उचला! सर, पाय!” विद्यार्थिनीनं मास्तरावर ओरडावं असा तो एकच प्रसंग. नंतर तिनं खाली जाऊन पाहिलं. दोन ठिकाणी वळ्या फुटल्या होत्या. असली पोवळी वर्षाला सेंटिमीटरभर वाढली तरी खूप. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. या पुस्तकात पर्यटकांच्या चुकांची जी यादी आहे तिच्यात माझंही नाव समजावं.

आता कान्ह्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरून माझं आणि लेखिकेचं थोडं बिनसलं आहे. कान्ह्याचा बारशिंगा १९७० च्या सुमारास फक्त सहासष्ट उरला होता. कठीण जमिनीवरचा हा बारशिंगा जगात दुसरीकडे उरलाच नव्हता. मग कुंपणाचं आवार झालं, कुरणं मोकळी झाली, शिकार थांबली. आज संख्या हजाराच्या घरात आहे आणि काही सातपुड्यातही नेऊन सोडले आहेत. लेखिका म्हणते, बारशिंगा वाचला तसं पोवळं वाचेल, आपण मनावर घेतलं पाहिजे. कायद्यातही दोघं एकाच पंगतीला आहेत: २००१ पासून दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, वाघाशेजारी. पण बारशिंग्याचा शत्रू जवळ होता. बंदूक, गुरं, नांगरलेली कुरणं. त्याला कुंपण पुरलं. समुद्रात उष्णतेला कुंपण घालता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६ मध्ये टेरी ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून पाहणी केली, तेव्हा सर्वांत जबर मार बसला होता तो उत्तरेकडच्या भागाला, जो माणसांपासून सर्वांत दूर आणि सर्वांत स्वच्छ होता. जपलेली पोवळी आणि न जपलेली पोवळी सारखीच पांढरी पडली. जगातली सर्वांत उत्तम सांभाळलेली भित्ती ती. तिचं व्यवस्थापन शिकायला लोक तिथे जातात.

मग जपायचं कशाला, असा प्रश्न कुणी विचारला तर मी त्याला लक्षद्वीपकडे बोट दाखवीन. जपल्यानं ताप चुकत नाही, तापातून उठण्याची ताकद राहते. तुटलेलं, चिखलानं गुदमरलेलं पोवळं उठत नाही. एवढाच जपण्याचा हिशेब आहे, आणि तो लहान नाही. पण त्याला तारणहार म्हणू नये.

लेखिकेशी माझा दुसरा वाद प्रवाळांच्या स्थलांतराबद्दल. मुंबईत किनारी रस्त्याचं काम चालू असताना २०२० च्या नोव्हेंबरात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून पोवळ्यांच्या अठरा वसाहती छिन्नीनं सोडवून दुसरीकडे नेऊन चिकटवल्या. पहिल्या अनुसूचीतला जीव, म्हणून वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली, आणि महाराष्ट्राच्या वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपुरात. समुद्रातलं पोवळं हलवायचा निर्णय आमच्या शेजारच्या, समुद्र नसलेल्या शहरातून व्हावा, याची मला मौज वाटते. नंतर बहुतेक वसाहती जगल्याचं जाहीर झालं. लेखिकेला यात आशा दिसते आणि तिनं दोन प्रकरणं या तंत्राला दिली आहेत. काम चोख झालं, मान्य. पण सगळ्या अठरा वसाहती मिळून जागा किती, तर अंथरलेल्या टॉवेलपेक्षाही कमी. आणि त्या ताप आला म्हणून हलवल्या नव्हत्या, रस्ता आला म्हणून हलवल्या. समुद्रच तापल्यावर त्यांना कुठे नेणार? ही तंत्रं बियाणं राखायला उपयोगी आहेत. त्यांना पीक समजू नये.

तिच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. गाळ तिथवर पोचत नाही, पर्यटक अजून फारसे पोचले नाहीत, पोवळी आहेत. लेखिका म्हणते, आशा ठेवायची तर तिथे ठेवू. मीही ठेवतो, पण त्या आशेला दोन अटी आहेत. एक, पर्ससीन आणि ट्रॉलर तिथून दूर राहिले पाहिजेत. दुसरी मुंबईत किंवा मालवणात पाळता येणारी नाही. ती आमच्यासारख्यांनी पाळायची आहे. मध्य प्रदेशातल्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचा. बालाघाटात मेमध्ये कूलर सुरू होतो तेव्हा सिंगरौलीकडे काहीतरी जळत असतं, आणि त्यातलं थोडं ऊन आंग्रियाच्या माथ्यावर जातं. आमचा प्रवाळाशी तिसरा संबंध हा. पहिल्या दोहोंपेक्षा पक्का.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एकच सांगतो. वारासिवनीची मुलगी मालवणात राहून लिहिते तेव्हा तिच्या मराठीत वऱ्हाड-झाडी आणि कोकण दोन्ही येतात. संपादकांनी ते घासून काढलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. काही शब्दांनी मलाही अडवलं. ‘नांगर’ हा त्यातला एक. आमच्याकडे नांगर शेतात चालतो. कोकणात होडी थांबवायला पाण्यात टाकतात तो लोखंडी आकडाही नांगर. वाचताना मी दरवेळी शेतातच जायचो. मग मालवणला त्या दिवशी परतताना पाहिलं: शेजारच्या होडीनं नांगर टाकला, होडी वाऱ्यानं फिरली, आणि आकडा तळाशी ओढत गेला. पाणी गढूळलं. खालचा खडक नांगरला जात होता.

बालाघाट, गोंदिया, भंडारा, नागपूरहून हल्ली पुष्कळ लोक मालवणला जातात. तुम्ही गेलात तर होडीत बसण्याआधी नावाड्याला विचारा, नांगर टाकतोस की तरंगत्या बोयाला बांधतोस? टाकत असेल तर दुसऱ्या होडीत बसा. आणि पाण्यात दम लागला तर पाठीवर तरंगा, उभे राहू नका.